वाढत्या अंगाची मुले

जून महिना तोंडावर आला की लक्ष्मी रस्त्यावरच्या गणवेशाच्या दुकानांतून एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘जरा वाढत्या अंगाचा दाखवा.’ दुकानदार न बोलता एक नंबर मोठा शर्ट काढतो, आई पँटची दुमड आत किती शिल्लक आहे ते चाचपून पाहते आणि मूल कुरकुरते, की हे सगळे किती ढगळ आहे. यात काटकसर आहेच. पण त्याबरोबर एक गृहीतही आहे. मूल वाढणार, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नसते. दिवाळीपर्यंत किती वाढेल, एवढाच काय तो प्रश्न.

ज्या घरांत हे गृहीत धरता येत नाही, त्या घरांविषयी आज लिहायचे आहे. जन्मतःच एचआयव्हीचा संसर्ग घेऊन आलेली मुले आता वयात येत आहेत. काहींनी तर विशी ओलांडली आहे. एके काळी त्यांच्या दहाव्या वाढदिवसाची खात्री कोणी देत नव्हते. ती जगली, शाळेत गेली, दहावीच्या परीक्षेला बसली. हे वैद्यकशास्त्राचे आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे फार मोठे यश आहे. परंतु यांतील बरीच मुले वयाच्या मानाने लहानखुरी राहिली आहेत. चौदा वर्षांचा मुलगा दहाचा वाटतो. सोळा वर्षांच्या मुलीला ‘सातवीत का ग?’ असे विचारले जाते.

‘जीव वाचला ना, मग उंचीचे काय घेऊन बसलात?’ असा प्रश्न यावर स्वाभाविकपणे येतो. माझे म्हणणे असे, की उंचीचे घेऊन बसायलाच हवे. मुलाला औषध किती उशिरा मिळाले, पोटाला किती मिळाले, मधल्या काळात किती आजार अंगावर निघाले, याचा तो सेंटिमीटरमध्ये लिहिलेला हिशेब आहे. आणि हा हिशेब दुरुस्त करण्याची मुदत वयात येण्याच्या त्या चार-पाच वर्षांनंतर संपते.

पुण्याचा वाटा

या विषयात पुण्याचा वाटा मोठा आहे. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये आढळला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९९२ मध्ये, भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. ‘नारी’ या लघुनावाने पुणेकरांना ती माहीत झाली. आता तिच्या नावात विषाणूशास्त्राचाही समावेश झाला आहे. या संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर २०२० च्या कोरोनाकाळात रोज दूरदर्शनवर दिसत, म्हणून वाचकांना आठवत असतील. त्यांनी व सहकाऱ्यांनी पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला होता. देहविक्रयाशी कसलाही संबंध नसलेल्या, बहुतेक विवाहित अशा या स्त्रियांपैकी शंभरात तेरा-चौदा जणींना संसर्ग झालेला आढळला. नवरा एवढाच त्यांचा आजाराशी संबंध होता. ‘तो रोग तिकडच्या गल्लीतला’ म्हणून निश्चिंत असलेल्या शहराला हा धक्का होता.

संसर्ग घरात आला, म्हणजे पाळण्यातही येणार हे ओघाने आलेच. काहीच उपाय केला नाही, तर एचआयव्हीग्रस्त आईकडून गर्भारपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतकी असते. अशी मुले आणि त्यांच्या निराधार आया यांच्यासाठी विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये पुण्यात ‘मानव्य’ ही संस्था सुरू केली. त्या वेळी औषधे होती ती अमेरिकेत आणि युरोपात. इथे प्रेमाने सांभाळणे आणि अखेर सुखाची करणे एवढेच हातात होते.

नंतरचे टप्पे भराभर सांगता येतात. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने, जास्त संसर्ग असलेल्या राज्यांपासून सुरुवात करून, मोफत औषधोपचार सुरू केला. त्यात महाराष्ट्र होता. मुलांसाठीचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचा समावेश असलेली एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. इथिओपिया व युगांडा हे त्यातले आणखी दोन देश. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्माच्या वेळच्या एका डोसाऐवजी सहा आठवडे रोज नेव्हिरापिन दिले, तर सहाव्या आठवड्यापर्यंतचा संसर्ग जवळजवळ निम्म्यावर येतो, असे तिने दाखवले. २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीग्रस्त गर्भवतीला आयुष्यभराचा पूर्ण उपचार देण्याचे धोरण आले आणि २०१७ पासून संसर्ग आढळलेल्या प्रत्येकालाच. आज आईने वेळेवर तपासणी करून औषध नीट घेतले, तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता शंभरात पाचाच्या खाली आणता येते.

या तारखा लक्षात ठेवायच्या त्या एका कारणासाठी. आज चौदा, सोळा, अठरा वर्षांची असलेली मुले या तारखांच्या मधल्या फटींत जन्मली. त्यांच्या आयांना एक गोळी मिळाली किंवा तीही मिळाली नाही. लहान बाळांचा संसर्ग रक्ताच्या वाळवलेल्या थेंबावरून ओळखण्याची सोय सरकारी कार्यक्रमात २०१० च्या सुमारास आली. त्याआधी दीड वर्षाचे होईपर्यंत नेहमीच्या तपासणीने काही खात्रीने सांगताच येत नसे, कारण तोवर बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे फिरत असतात. दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीने २००८ मध्ये दाखवले, की पहिल्या तीन महिन्यांतच उपचार सुरू केले तर तान्ह्या बाळांचे मृत्यू तीन-चतुर्थांशांनी कमी होतात. आमच्याकडच्या अनेक मुलांना मात्र औषध सुरू झाले ते पाचव्या, सातव्या, दहाव्या वर्षी. वारंवार न्यूमोनिया झाला, क्षय झाला, बाप गेला, मग कोणीतरी ‘रक्त तपासून घ्या’ म्हणाले तेव्हा. तोवर वाढीची पहिली मोठी संधी हातची गेली होती.

शरीराचा जमाखर्च

मूल कसे वाढते, हे आपण पाहतो पण मोजत नाही. पहिल्या वर्षात ते सुमारे पंचवीस सेंटिमीटर वाढते. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे. मग वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर असा संथ काळ येतो. वयात येताना पुन्हा उसळी. मुलींची ही उसळी साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलग्यांची तेरा-चौदाव्या वर्षी. ऐन भरात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर उंची वाढते. मोठेपणीच्या उंचीचा साधारण सहावा हिस्सा या काही वर्षांत मिळतो. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे पातळ पट्टे असतात. तेथे नवे हाड तयार होत जाते. वयात आल्यावर संप्रेरकांच्या प्रभावाने हे पट्टे हळूहळू सांधले जातात. एकदा सांधले, की कुठलेही टॉनिक, कुठलाही व्यायाम, टीव्हीवरच्या जाहिरातीतली कुठलीही पावडर उंची वाढवू शकत नाही.

आता या शरीरात एचआयव्ही आहे असे समजा. पगार तोच, पण घरात कायमचे आजारपण आले तर काय होते? किराणा चालू राहतो, औषधे चालू राहतात. घराची दुरुस्ती आणि वरचा मजला बांधायचा बेत मात्र पुढे ढकलला जातो. शरीर तेच करते. विषाणूशी अहोरात्र झुंजणाऱ्या प्रतिकारयंत्रणेला ऊर्जा लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार, वरवर निरोगी दिसणाऱ्या एचआयव्हीग्रस्त मुलालाही इतरांपेक्षा दहा टक्के जास्त ऊर्जा लागते. वजन घटत असेल तर ही गरज दीडपट ते दुपटीवर जाते. त्याच वेळी आतड्याचे अस्तर दुखावलेले, म्हणून खाल्लेले अंगी लागत नाही. तोंडात चट्टे, म्हणून खाववत नाही. सतत धुमसणाऱ्या दाहामुळे वाढीच्या संप्रेरकांचा निरोप हाडांपर्यंत नीट पोहोचत नाही. मेंदू आणि हृदय यांचा खर्च भागवून शरीर जी कपात करते, ती उंचीत.

औषध सुरू झाले की विषाणू दबतो, भूक परत येते आणि वजन लवकर सावरते. गाल भरतात, घरच्यांना हायसे वाटते. उंची मात्र मागून आणि कमी प्रमाणात सावरते. किती सावरेल, हे बरेचसे औषध कोणत्या वयात सुरू झाले त्यावर अवलंबून असते. पुण्यात ‘प्रयास’ संस्थेच्या आरोग्य गटाने आपल्या दवाखान्यातील मुलांची वाढ उपचाराबरोबर कशी बदलते, याचा अभ्यास केला आहे; जगात इतरत्रही असे अभ्यास झाले आहेत. अनेक देशांतील किशोरवयीनांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा मुली आणि मुलगे यांच्यात फरक दिसला. दहा ते पंधरा या वयात मुली काहीशी भरपाई करतात. मुलग्यांची तूट त्याच काळात वाढत जाते. याचा काही भाग मुलगे उशिरा वयात येतात यामुळे असणार. पण ही जी मुले उशिरा वयात येतात, त्यांच्यापैकी सगळीच पुढे बरोबरी गाठतात असे नाही.

औषधांचाही थोडा दोष आहे, तो सांगितला पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत सर्रास दिल्या गेलेल्या स्टॅव्ह्युडिनने अनेक मुलांचे गाल बसले, हातपाय काटक्यांसारखे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. झिडोव्ह्युडिनने काहींचे रक्त कमी होते. टेनोफोव्हिर हाडांची घनता थोडी कमी करते. तरीही या औषधांनी जे वाचवले त्याच्यापुढे हे काहीच नाही. डोल्युटेग्राव्हिरसारखी आताची औषधे अधिक सोसवणारी आहेत आणि लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळीही निघाली आहे. म्हणून कोणत्याही पालकाने उंचीच्या काळजीने औषधात एक दिवसाचाही खंड पाडू नये.

मात्र सगळा दोष विषाणूच्या माथी मारणेही बरोबर नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही सगळी एचआयव्ही नसलेल्यांसह धरलेली मुले. निरोगी, पोटभर खाणाऱ्या समाजात हे प्रमाण दोन-तीन असायला हवे. म्हणजे विषाणू आला तो आधीच अर्धपोटी असलेल्या घरात. जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका तालुक्यातून नातवाला घेऊन येणारी एक आजी मला म्हणाली, ‘गोळीला एक दिस खाडा न्हाई दादा. पन पोरगं काय वाढंना.’ मी विचारले, घरात दूध असते का? ती हसली. ‘असतंय की. डेअरीला जातंय.’

कोरा राहणारा रकाना

उंची खुंटली हे ठरवायचे कसे? शेजारच्या मुलाशी तुलना करून नव्हे. त्यासाठी तक्ते असतात. एकाच वयाची आणि लिंगाची शंभर निरोगी मुले उंचीप्रमाणे ओळीत उभी केली, तर अगदी शेवटच्या दोन-तिघांच्या जागी जे मूल येते, त्याची वाढ खुंटलेली समजतात. शालेय वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे तक्ते आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित तक्ते काढले. त्यामागे पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचे मोठे काम आहे. देशभरचे डॉक्टर मुलांची उंची ज्या रेषांशी ताडून पाहतात, त्या रेषा आखण्यात या शहराचा हात आहे.

असे असता एचआयव्हीग्रस्त मुलांच्या उंचीकडे दुर्लक्ष का व्हावे? कारण मला साधे दिसते. एआरटी केंद्रावर आलेल्या मुलाचे वजन करावेच लागते. औषधाची मात्रा वजनावर ठरते. वजन लिहिल्याशिवाय गोळी देता येत नाही. उंचीवर मात्र कोणतीही गोळी ठरत नाही. रांग मोठी, समुपदेशक एक, भिंतीवरची पट्टी दरवाजामागे. अशा दिवशी कोणता रकाना कोरा राहील हे सांगायला ज्योतिषी नको. कोणाचा यात वाईट हेतू नसतो. व्यवस्थेला ज्या आकड्याची गरज पडते तो आकडा लिहिला जातो. मुलाला ज्याची गरज असते तो राहून जातो.

वस्तुतः उंचीची नियमित नोंद डॉक्टरांच्याच कामाची आहे. कारण न सापडणारी आणि नेहमीच्या उपचारांनाही दाद न देणारी तीव्र खुरट ही जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मुलांच्या आजाराच्या सर्वांत गंभीर, चौथ्या टप्प्याचे लक्षण धरली जाते. एकदा मोजलेली उंची फारसे बोलत नाही. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा मोजली, की वाढीचा वेग कळतो. वेग अचानक मंदावला तर कुठेतरी बिघडले आहे : मूल गोळ्या चुकवत असेल, औषधाला विषाणू दाद देत नसेल, क्षय डोके वर काढत असेल, किंवा आजी गेली आणि स्वयंपाक करणारे कोणी उरले नसेल. रक्ताच्या तपासणीत ही शेवटची गोष्ट दिसत नाही. उंचीच्या तक्त्यात दिसते.

उंची चुगली करते

शरीरशास्त्र बाजूला ठेवू. किशोरवयात उंचीचा अर्थ वेगळाच होतो. वर्गातल्या मैत्रिणींना पाळी येऊन दोन वर्षे झाली आणि आपल्याला नाही. मित्रांना मिसरूड फुटले, आवाज फुटला आणि आपला अजून कोवळाच. शाळेच्या प्रार्थनेत रांगेत सर्वांत पुढे उभे राहायचे. हे दुःख तसे पुष्कळ मुलांना असते. पण ज्या मुलाला एक गुपित सांभाळायचे आहे, त्याच्या बाबतीत ही उंची चुगलखोर ठरते.

सोळा वर्षांच्या एका मुलाशी मी एका केंद्राच्या बाहेर बोलत होतो. तो एसटीने स्वारगेटला येतो. एचआयव्हीबाधितांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. पण तिच्यासाठी कागद दाखवावा लागतो आणि गावच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा. म्हणून तो तिकीट काढतो. कंडक्टर त्याला बारा वर्षांखालचा समजून अर्धे तिकीट देतो आणि तो ते मुकाट्याने घेतो. मी विचारले, ‘पूर्ण तिकीट का मागत नाहीस?’ तो म्हणाला, ‘काका, पूर्ण मागितलं की वय विचारतात. वय सांगितलं की म्हणतात, एवढासा कसा रे? मग पुढं काय सांगायचं?’

या ‘पुढं काय सांगायचं’मागे आपल्या समाजाचा इतिहास आहे. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे ‘सेवालय’ संस्थेतील एचआयव्हीग्रस्त मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवण्यास गावकऱ्यांनी विरोध केला आणि आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले. तेव्हापासून बरेच बदलले. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शिक्षण, नोकरी, भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. व्यक्तीच्या संमतीवाचून तिच्या संसर्गाची वाच्यता करता येत नाही. कायद्यात एक हृद्य तरतूद आहे : आईबाप गेलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या घरात बारा वर्षांवरचे समजूतदार भावंडही धाकट्याचे पालक म्हणून मान्य होऊ शकते. अशी घरे किती असतील, याची कल्पना असल्याशिवाय कोणी असे कलम लिहीत नाही.

पण कायदा भेदभावाला हात घालतो, नजरेला नाही. पोलीस शिपाई होण्यासाठी महाराष्ट्रात पुरुषांना १६५ आणि स्त्रियांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. ग्रामीण भागातल्या कितीतरी मुलामुलींचे ते एकच मोठे स्वप्न असते. पहाटे रस्त्याने धावणारी ही मुले आपण सगळेच पाहतो. ज्याला सहाव्या वर्षी औषध मिळाले आणि ज्याला सहा महिन्यांचा असताना मिळाले, अशा दोघांत त्या मोजपट्टीखाली काही सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. आजच्याच अंकातल्या वधू-वर जाहिराती उघडून पाहा; वय, शिक्षण यांच्या पाठोपाठ उंची येतेच. एचआयव्हीग्रस्तांसाठी वेगळे मेळावे महाराष्ट्रात भरतात, लग्ने होतात, नीट औषध घेणाऱ्या जोडप्यांना संसर्गमुक्त बाळेही होतात. तिथेही मुलगी हळूच विचारतेच, की उंची किती.

आठवीनंतर काय?

शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. आठवी म्हणजे तेरा-चौदा वर्षे. मुलग्यांची उंची ज्या वर्षी सर्वाधिक वेगाने वाढायची, त्याच वर्षी सरकारी ताट उचलले जाते. उशिरा वयात येणाऱ्या एचआयव्हीग्रस्त मुलाच्या बाबतीत तर ती उसळी सुरू होण्याआधीच. आठवड्याला एक अंडे देण्याची योजना महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी थांबवून लोकवर्गणीचा मार्ग सुचवण्यात आला. बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, तेही अठरा वर्षांपर्यंत. संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. पण दाखले, हमीपत्रे, तलाठी, तहसील या फेऱ्या मारायच्या कोणी? सत्तरीच्या आजीने? आणि दाखल्यावर आजाराचे नाव लिहिले, की ते गावात पोहोचायला वेळ लागत नाही.

देशात २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार सुमारे २४ लाख एचआयव्हीग्रस्त होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३ लाख ९४ हजार एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. त्यांत किशोरवयीन मुलांचा वाटा लहान आहे. लहान आहे म्हणूनच तो नजरेआड होतो, आणि लहान आहे म्हणूनच काही करणे परवडणारे आहे. नवी बाळे संसर्गमुक्त जन्मावीत यासाठी जे प्रयत्न चालले आहेत, ते यशस्वी होतील तसतशी ही पिढी शेवटची ठरेल. शेवटच्या पिढीकडे ‘आता हा प्रश्न सुटलाच’ म्हणून पाठ फिरवणे फार सोपे असते.

काय करता येईल, ते अवघड नाही. प्रत्येक एआरटी केंद्रावर अठरा वर्षांखालील मुलाची उंची दर तीन महिन्यांनी नीट पट्टीवर मोजली जावी. तक्त्यावर ठिपका काढून तो मुलालाच दाखवावा, कारण आपली रेघ वर जाताना दिसली की गोळी घेण्याला अर्थ येतो. बारा-तेराव्या वर्षी वयात येण्याची चिन्हे दिसतात का, याची विचारपूस व्हावी आणि उशीर असेल तर संप्रेरकतज्ज्ञांकडे वेळेवर चिठ्ठी द्यावी. पुण्यात असे तज्ज्ञ आहेत. हाडांसाठी डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची तपासणी व्हावी. नववी ते बारावीच्या मुलांना शिधा मिळावा. हवे तर केंद्रातून, औषधाबरोबर, गावाला कळू न देता. अठरावे वर्ष लागले म्हणून मुलाला बालविभागातून मोठ्यांच्या रांगेत एका दिवसात ढकलू नये.

आपणा वाचकांच्या हाती असलेली गोष्ट याहून छोटी आहे. वयाच्या मानाने लहान दिसणारे मूल भेटले, तर ‘एवढासाच का रे?’ हा प्रश्न गिळून टाकावा. त्याला मधुमेह असेल, सिकलसेल असेल, हृदयाला छिद्र असेल, एचआयव्ही असेल किंवा आईवडीलच बुटके असतील. आपल्याला ते कळण्याची गरज नाही. शेजारी बसून जेवल्याने, एकाच बाकावर बसल्याने, हात धरल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे आपण तीस वर्षे वाचत आहोत. आता तसे वागायला हरकत नाही.

आणि एक आशा. या मुलांची हाडे बहुधा त्यांच्या वयापेक्षा मागे असतात. वयात यायला उशीर होतो, म्हणून वाढीचे दारही थोडे उशिरा बंद होते. चौदा-पंधरा वर्षांच्या खुज्या मुलाच्या हाती अजून दोन-तीन वर्षे असू शकतात. ही वर्षे औषध, अन्न आणि लक्ष यांनी भरली तर काही सेंटिमीटर परत मिळतात. सगळे नाहीत, पण काही. आज पंधराव्या वर्षात असलेल्या मुलासाठी ही मुदत पुढच्या पंचवार्षिक आढाव्यापर्यंत थांबणार नाही. येत्या तारखेला तो गोळ्या न्यायला येईल, तेव्हा त्याची उंची लिहून घ्या.